घोट्यावरची चिठ्ठी

मायच्या डाव्या पायाच्या करंगळीमागे दोन ठिपके होते. त्यांतून रक्त येत होतं. फार नाही, पण थांबत नव्हतं. चार बोटं वर, घोट्याला, निळ्या चिंधीत शिवलेली चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीतलं अक्षर माझं होतं. तिच्यात लिहिलं होतं की साप तिला काही करणार नाही.

माय अंगणात उखळाला टेकून बसली होती. बा तिच्यासमोर उभा होता, हातात शुभवर्तमान, शेवटचं पान उघडलेलं. गवत कापायला गेलेल्या सगळ्या बाया तिच्यामागून पळत आल्या होत्या आणि कुडाशी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या घोट्याला तशीच चिंधी.

"फुरसं होतं," माय म्हणाली. "पेंढीखाली. अंग घासत होतं. तो करकर आवाज मी ऐकला."

"ऐकलास आणि पाय टाकलास?" बाने विचारलं.

"चिठ्ठी होती ना," माय म्हणाली.

बाचं तोंड मी तेव्हा पाहिलं. पुन्हा तसं कधी पाहिलं नाही.

"वाच ना, मास्तर," कुडापासून एक म्हातारी ओरडली. "हात ठेव आणि वाच. थांबलास कशाला?"

कुडाच्या बाहेर, फाटकात पाय न टाकता, मामा उभा होता. मायचा थोरला भाऊ. तो आमच्या पाड्याचा भगत. ताप, पिशाच, साप, विंचू, सगळ्यांवर त्याच्याकडे मंत्र आणि पाला. हातात कडुनिंबाची डहाळी घेऊन तो आला होता. सहा वर्षांपूर्वी बाने त्याला सांगितलं होतं की हा पाला घेऊन माझ्या अंगणात यायचं नाही. तेव्हापासून तो आला नव्हता.

"वाच, पाव्हणा," मामा म्हणाला. "मी पण ऐकतो."

बाच्या हातातल्या पानावर त्या ओळी होत्या. विश्वास धरणारे साप उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि आजारी बरे होतील, अशा अर्थाच्या. बाला त्या पाठ होत्या. मला पण. आणि त्या ओळींबद्दल बाला आठ दिवसांपासून जे ठाऊक होतं, ते अंगणात फक्त मला ठाऊक होतं.

ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात होता. बा डोंगरातलाच. मोठ्या दुष्काळात त्याचे आईबाप गेले आणि मिशनच्या लोकांनी त्याला वाढवलं, वाचायला शिकवलं. मोठा झाल्यावर तो पाड्यावर परत आला, झोपडीत शाळा घातली आणि शुभवर्तमान सांगू लागला. मी त्याच शाळेत चार यत्ता शिकले. पाचवी नव्हती.

घरी आम्ही आमची डोंगरी बोली बोलायचो. इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीत लिहिते, कारण डोंगरी लिहायची सवय मला नाही. बाला होती.

बाचं सांगणं लोक ऐकायचे, पण दर वेळी एकाच ठिकाणी अडायचे. भगत घोट्याला काळा दोरा बांधतो, साप येत नाही. तुझं पुस्तक काय बांधतं? बाने पहिल्यांदा सांगून पाहिलं की पुस्तक बांधायचं नसतं. बाया हसल्या. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात अनवाणी शिरायचं ते त्यांना. मग एके दिवशी बाने त्या सापाच्या ओळी कागदाच्या पट्टीवर लिहिल्या आणि मायला दिल्या. मायने पट्टी चिंधीत शिवली आणि दोऱ्याच्या जागी बांधली. आठवड्यात सगळ्या बाया मागायला आल्या.

बाला वेळ नव्हता, म्हणून पट्ट्या मी लिहायला लागले. माझं अक्षर बारीक होतं. पट्टी लहान असायची, ओळी मोठ्या, म्हणून विषाचं मी गाळून टाकलं. आमच्याकडे विष कोण पाजणार? पुढे माझ्या चिठ्ठ्या पाहून दुसऱ्या पोरींनी लिहिल्या, त्यांच्यातही विष नव्हतं. त्यांना वाटलं पुस्तकातच नाही.

आणि मी एक शब्द घातला. अंगणात जी ओरडली तीच म्हातारी एकदा माझ्यापुढे बसून म्हणाली होती, "साप ठीक आहे. विंचवाचं काय? मला तर विंचूच डसतो." मी विचार केला आणि सापाच्या पुढे "आणि विंचू" लिहिलं. ती इतकी खूश झाली की मला मूठभर शेंगा दिल्या. मग मी सगळ्यांच्याच चिठ्ठ्यांत विंचू घालायला लागले. बाला सांगितलं नाही.

पाच कोसांवर मिशनचं आवार होतं. तिथं गोरा साहेब राहायचा. त्याची मडम दवाखाना चालवायची. साहेब आणि बा मिळून बायबलातल्या चार शुभवर्तमानांपैकी दुसरं, सगळ्यांत लहान, आमच्या बोलीत आणत होते. महिन्यातून दोनदा बा जायचा. दोन दिवस राहायचा. मायला साप चावायच्या आठ दिवस आधी मी बरोबर गेले होते, कारण मला मडमची शिवणाची कात्री बघायची होती.

साहेब परदेशी पुस्तकातून वाचायचा, मराठीत सांगायचा, बा आमच्या बोलीत म्हणायचा आणि साहेब लिहायचा. साहेब स्वतः आमची बोली बोलायला लागला की आम्हाला हसू यायचं. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. ते शेवटच्या पानावर आले होते. साहेबाने लाल पेन्सिल घेतली आणि आडवी रेघ मारली.

"इथून पुढचं काय करायचं ते ठरवावं लागेल," तो म्हणाला.

"का?" बाने विचारलं.

साहेबाने समजावलं. हे पुस्तक छापखाने नव्हते तेव्हाचं. लोक हाताने नकलायचे, कातड्यावर. एकावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. त्यांतल्या पूर्ण अशा सगळ्यांत जुन्या दोन प्रती सापडल्या आहेत, आणि दोन्हींत गोष्ट या रेघेवरच थांबते. बाया प्रभूच्या कबरीवर जातात, कबर रिकामी असते, त्या घाबरून पळतात आणि भीतीने कोणाला काही बोलत नाहीत. तिथंच संपतं. रेघेखालच्या बारा ओळी बहुतेक नंतर कोणीतरी जोडल्या. सापाच्या ओळी त्या बारांतल्या.

"कोणी जोडल्या?"

"ठाऊक नाही."

"वाईट माणसाने?"

"मला तसं वाटत नाही," साहेब म्हणाला. "गोष्ट अशी मधेच तुटलेली पाहून कोणाला तरी राहवलं नसेल."

बाने त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, तुम्हाला हे कधीपासून ठाऊक?"

"शिकत होतो तेव्हापासून."

"आणि मला आज सांगताय?"

"आज आपण त्या पानावर आलो," साहेब म्हणाला.

चिठ्ठ्यांचं साहेबाला काहीच माहीत नव्हतं. बाने सांगितलं नाही. मी तोंड उघडणार होते, पण बाने माझ्याकडे पाहिलं.

परत येताना नदीवर आम्ही पाय धुतले. तिथं बा म्हणाला, "आता चिठ्ठ्या लिहू नकोस."

"का?"

"कागद संपला."

ट्रंकेत कागदाचा आख्खा दस्ता होता. मी पाहिला होता.

तो बायांना का बोलला नाही हे मी पुष्कळ वर्षं मनात वेगवेगळं रचून पाहिलं. आता रचत नाही. बा भ्याला. सहा वर्षं तो सांगत होता की भगताच्या दोऱ्यात काही नाही, जे आहे ते या पुस्तकात आहे. आता तेच मागे घ्यायचं म्हणजे मामा पाडाभर हसणार. उद्या सांगू, रविवारी सांगू, असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी माय गवताला गेली.

तर आता अंगणात.

"वाच ना," म्हातारी पुन्हा म्हणाली.

बाने पुस्तक मिटलं. "नाही वाचत. या ओळी जुन्या पुस्तकात नाहीत. कोणीतरी नंतर जोडल्या. मला आठ दिवस ठाऊक आहे, मी तुम्हाला सांगितलं नाही. चिठ्ठ्या काढून टाका. गाडी कोणाची आहे का बघा."

कोणी हललं नाही. मग बा फाटकाकडे वळला. "तू आत ये," तो मामाला म्हणाला. "पाला घेऊन ये."

मला वाटलं आता मामा हसेल. हसायचा त्याचा हक्क होता. तो आत आला, मायच्या पायाशी बसला, दातांनी चिंधीची गाठ सोडली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. "धर. तुझं आहे." मग स्वतःच्या फेट्याची पट्टी फाडून पोटरीला बांधली. मायच्या तोंडात कडुनिंबाची दोन पानं घातली.

"कडू लागतं का?"

"लागतं," माय म्हणाली.

"मग आहेस अजून."

आमच्याकडे साप चावलेल्याला कडुनिंब देतात. कडू लागलं तर विष वर चढलेलं नाही. गोड किंवा बेचव लागलं तर चढलं. ते खरं आहे की नाही मला विचारू नका.

गाडी मिळाली. तापीकाठचा एक शेतकरी बांबू न्यायला पाड्यावर आला होता, त्याची गाडी अर्धी भरून झाली होती. बा त्याच्याशी बोलायला गेला आणि हात जोडायला लागला.

"हात कसाले जोडस?" तो त्याच्या अहिराणीत ओरडला. "उतारा ते बांबू. त्या काय उडी जातीन का? बठाडा तिले!"

बांबू रस्त्यात टाकले आणि आम्ही निघालो. तो हाकायला, मागे माय, बा, मामा आणि मी. मला कोणी ये म्हटलं नव्हतं. चढले.

पाच कोस बैलगाडी म्हणजे किती वेळ हे आता कोणाला कळायचं नाही. रस्ता दगडांचा. बाने मायचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता, हादरे बसू नयेत म्हणून. पाय सुजत चालला होता. पहिल्यांदा घोटा दिसेनासा झाला, मग पायातलं कडं रुतायला लागलं. गाडीवाल्याने विळ्याने कडं उचकटून काढलं. मामा थोड्या थोड्या वेळाने पानं द्यायचा.

"कडू लागतं का?"

"लागतं."

थोड्या वेळाने पुन्हा. "कडू लागतं का?"

माय म्हणाली, "गोड लागतंय रे."

मामाच्या हातून डहाळी पडली. बाने तिचा पाय इतका घट्ट धरला की ती ओरडली.

"चेष्टा केली," ती म्हणाली. "कडूच आहे. दोघं किती दिवसांनी एका गाडीत बसलात ते बघत होते."

मामाने तिला शिवी दिली. ती मी लिहीत नाही. गाडीवाला पुढून हसला आणि बैलांना म्हणाला, "चला रे, बाई जित्ती शे."

मग मामा बाकडे पाहून म्हणाला, "आठ दिवस ठाऊक होतं?"

"हो."

"मला सांगायचंस. मी चार दोरे बांधून दिले असते गुपचूप."

"तुझ्या दोऱ्यात काय आहे?"

"काही नाही," मामा म्हणाला. "पण दोरा बांधताना मी प्रत्येकीला सांगतो, काठी आपटत चाल, पेंढी पायाने आधी उलट, आवाज आला तर मागं फीर. तुझ्या चिठ्ठीने ते सांगितलं नाही."

चिठ्ठी माझ्या मुठीत घामाने भिजली होती. मी विंचू लिहिला होता. काठी लिहिली नव्हती.

नदी ओलांडली त्यानंतर माय बोलेनाशी झाली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मामाने पान दिलं ते तिने चावलं नाही, तसंच ओठावर राहिलं. तो विचारायचा थांबला. मी रडायला लागले तर गाडीवाला म्हणाला, "तुन्ही माय जित्ती शे, पोरी. बोंबलू नको."

मी बाला म्हटलं, "बा, वाच ना."

"ते नाही वाचणार."

"मग दुसरं काही वाच."

त्याने काहीच वाचलं नाही. पण एक हात मायच्या कपाळावर ठेवला आणि आवार येईपर्यंत काढला नाही. दुसरा हात तिच्या पायाखाली होता. दोन्ही हात अवघडले असणार. मामाने नंतर त्याच्या पाठीला स्वतःची पाठ लावली, टेकायला. दोघं तसे बसले.

उन्हं कलताना पोचलो. मडमने जखम चिरली, लाल औषध भरलं. मुंबईहून आलेली सापाची एक सुई तिच्याकडे कपाटात होती, ती दिली. ती सुई जुनी होती, लागू पडेल की नाही तिला खात्री नव्हती, असं ती पुढे कधीतरी म्हणाली. मामा दवाखान्याच्या पायरीवर बसून पुटपुटत होता. मडमने त्याला उठवलं नाही. तेव्हापासून मला ती मडम आवडते, जरी तिने कात्रीला हात लावू दिला नव्हता.

साहेब व्हरांड्यात आला. बाने त्याला सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांपासून. साहेब ऐकत गेला आणि खाली बसला. मग त्याने माझी मूठ पाहिली आणि हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्याने ती सोडवून वाचली.

"विंचू कुठून आला?" त्याने विचारलं.

बाला काहीच कळेना. मी बाच्या मागे सरकले.

"तिसऱ्या शुभवर्तमानात साप आणि विंचू एका ठिकाणी येतात," साहेब बाला म्हणाला. "पोरीने तिथलं आठवून इथं घातलं. जुने नकलणारे असंच करायचे."

"मी तिसरं वाचलेलंच नाही," मी म्हटलं. "म्हातारीला विंचू हवा होता."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. चिठ्ठी घडी करून त्याने खिशात ठेवली. "असंही करत असतील," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायने पेज मागितली. मामाने आधी तिच्या तोंडात पान घातलं. ती थुंकली आणि म्हणाली, "कडूच आहे, मेल्या. किती वेळा विचारशील?" बा बाहेर गेला. विहिरीमागे उभा होता. मी त्याला बोलवायला गेले आणि तशीच परत आले.

करंगळी काळी पडली होती, ती मडमने कापली. बाकी पाय राहिला.

आम्ही पाड्यावर परतलो तेव्हा बारा-तेरा दिवस झाले होते. आमच्याआधी गोष्ट पोचली होती. ती अशी होती: नदीत गाडी उभी राहिली, माय मेलीच होती, मास्तरने तिच्यावर हात ठेवला, ओळी म्हटल्या आणि ती उठून बसली.

"मी ओळी म्हटल्या नाहीत," बा म्हणाला.

"हात ठेवला की नाही?" म्हातारीने विचारलं.

"ठेवला."

"मग?"

"अगं, सुई दिली. हिच्या भावाचा पाला होता. फुरसं चावलेली सगळीच मरत नाहीत. काय झालं मला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "साप चावला आणि ती जगली. चिठ्ठीत तेच होतं."

"ते जुन्या पुस्तकात नाही!"

"तुझ्या साहेबाच्या जुन्या पुस्तकात नसेल. माझ्या पायात आहे."

तिने चिठ्ठी काढली नाही. बा घरोघर फिरला. चार-पाच जणींनी त्याच्या समाधानासाठी काढल्या आणि त्याची पाठ वळल्यावर बांधल्या. मग बाने एक केलं. तो मामाकडे गेला. पुढच्या गवताच्या वेळी दोघं एकत्र पाड्याच्या तोंडाशी उभे राहिले. मामा काळा दोरा बांधायचा, बा प्रत्येकीला सांगायचा, काठी आपट, पेंढी उलट, आवाज आला की मागं फीर. हे साहेबाला कळलं तेव्हा तो जरा नाराज झाला. पण काही बोलला नाही. बोलायला तोंड कुणाला होतं?

त्या हिवाळ्यात साहेब आणि बा त्या पानावर पुन्हा बसले. या वेळी साहेब म्हणाला, त्या बारा ओळी सोडूनच देऊ. माझ्या हातून असं पुन्हा व्हायला नको.

बा म्हणाला, "नको. राहू द्या."

साहेबाला नवल वाटलं. मला पण. मी दाराशी बसून वाटाणे सोलत होते.

"मी पण लिहून दिलं होतं," बा म्हणाला. "मी काय खोटं बोलायला बसलो होतो? बायका अनवाण्या गवतात जातात, हातात काहीतरी हवं. ज्याने ते जोडलं त्याचीही बायको कुठेतरी जात असेल. त्याचं लिहिणं फेकू नका. फक्त ते त्याचं आहे एवढं सांगा."

मग तसं ठरलं. रेघेच्या जागी रिकामी ओळ सोडायची आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं की जुन्या प्रतींत इथून पुढचं नाही. बाने त्यापुढे आणखी एक वाक्य सांगितलं: साप चावला तर दवाखान्यात जा. साहेब म्हणाला, ते छापता येणार नाही, ते पुस्तकातलं नाही.

"बारा ओळी तरी कुठे पुस्तकातल्या आहेत?" बा म्हणाला.

साहेब हसला, पण छापलं नाही. पुस्तकं छापून आली तेव्हा आमच्या पाड्याच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक प्रतीत, त्या टिपेखाली, शाईने ते वाक्य मी लिहिलं. बाने सांगितलं म्हणून. काठीचंही लिहिलं, ते कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी, मी म्हातारी व्हायला लागले होते तेव्हा, दुसऱ्या पाड्यावरच्या एका तरुण बाईने मला ते वाचून दाखवलं. तिची प्रत कोणीतरी आमच्या प्रतीवरून हाताने उतरवलेली होती, आणि तिच्यात ते सगळ्यांबरोबर एकसारख्या अक्षरात आलं होतं. "बघा, प्रभूने काठीचंसुद्धा सांगून ठेवलंय," ती म्हणाली. मी तिला खरं सांगितलं. तिने मान डोलावली. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

पुस्तक आलं त्या दिवशी माय म्हणाली, मला शेवट वाचून दाखव. तिला वाचता येत नव्हतं. मी रिकाम्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबले.

"एवढंच?"

"जुन्यात एवढंच."

ती उखळापाशी बसली होती, पाय लांब करून. चार बोटांचा पाय तिला आवडायचा नाही, पदराखाली घ्यायची. त्या दिवशी घेतला नाही.

"बाया घाबरल्या आणि कोणाला बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "खरं आहे. मी तरी कुठे सांगितलं? गाडीत मला सगळं ऐकू येत होतं. नदीनंतर पण. तोंड उघडत नव्हतं. तुझा बा रडत होता ते मला ऐकू येत होतं. मी कधी त्याला बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"त्याला बरं वाटलं नसतं." मग तिने विचारलं, "मग त्या बाया घरी गेल्या का?"

"लिहिलेलं नाही."

"गेल्या असतील. घरी सगळे उपाशी असणार," माय म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

ती मेली तोवर मी हे बाला सांगितलं नाही, आणि बा तिच्या आधीच गेला, म्हणजे कधीच सांगितलं नाही.

त्या दिवशी गाडीत आम्ही पाच जण होतो. मामा दुसऱ्या पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्या कपाळावर बाने हात ठेवला होता आणि मायने त्याला कडुनिंब दिला होता, दोन्हींचा उपयोग झाला नाही. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी बा गेला. गाडीवाल्याचं मला ठाऊक नाही, बांबू मात्र तो परत येऊन घेऊन गेला. माय चार बोटांच्या पायाने पुढे सत्तावीस वर्षं चालली, शेवटपर्यंत गवताला गेली, हातात काठी घेऊन. मी अजून आहे.